जुन्नरचा लेख जुन्नरला वाचता यावा

चि. अनघा,


तुझा निरोप मिळाला. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांवर तू टिपणं काढते आहेस आणि त्यासाठी तुला कर्नल साइक्सचा १८३७ सालचा निबंध हवा आहे. शोधल्यावर तो एका प्रकाशकाच्या संकेतस्थळावर सापडला. त्यांनी पहिलं पान दाखवलं आणि पुढच्या पानांचे पैसे मागितले. पैसे द्यायचे नसतील तर ‘आपल्या संस्थेमार्फत प्रवेश करा’ म्हणून सांगितलं. तुझी संस्था म्हणजे जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा. तिच्यामार्फत तू कुठे प्रवेश करणार? तू लिहिलंस, ‘मावशी, लेणी शाळेच्या आवारातून दिसतात, आणि त्यांच्यावर जवळजवळ एकशे नव्वद वर्षांपूर्वी छापलेला लेख मला वाचता येत नाही. हे बरोबर आहे का?’

बरोबर नाही. आणि हा प्रश्न तुझ्या एकटीचाही नाही, म्हणून उत्तर चारचौघांत देते आहे. माझी सगळी नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. ओळखपत्र बघून पुस्तक देणं हे माझं रोजचं काम होतं, आणि ग्रंथालय चालवायचं तर तशी शिस्त लागतेच. पण ज्या लेखनावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, ते वाचायला मागणाऱ्याला ‘तुम्ही कुठल्या संस्थेचे?’ असं विचारायचा अधिकार कुणालाही नसावा, असं मला मनापासून वाटतं. ते का वाटतं, ते सांगते.

आधी तुझी अडचण सोडवू. साइक्सचा हा लेख लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलच्या चौथ्या खंडात आहे. तोच खंड ‘जेस्टोर’ या अमेरिकन संग्रहात आहे आणि तिथे तो लेख कुणालाही मोफत उघडतो. खातं काढावं लागत नाही, पीडीएफ उतरवून घेता येते. एकच लेख एका दारात विकत मिळतो आणि दुसऱ्या दारात फुकट मिळतो. हे दुसरं दार आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं, आणि पैसे मागणारं पान बघून चांगला अभ्यासू माणूस तिथूनच परत फिरतो.

शोधताना एवढं ध्यानात ठेव की त्या काळचे इंग्रज गावांची नावं कानाला येतील तशी लिहीत. साइक्सच्या लेखाच्या शीर्षकात जुन्नर ‘जूनूर’ आहे, बौद्ध लेणी ‘बूध’ लेणी आहेत, आणि दुसऱ्या एका निबंधात दख्खनचं ‘दुखुन’ झालं आहे. आजच्या स्पेलिंगने शोधलंस तर हाती काही लागणार नाही.

आता साइक्सबद्दल थोडं, कारण जुने निबंध खुले का हवेत याचं उत्तर त्याच्या कामातच आहे. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. पुढची काही वर्षं तो आपल्या या मुलखात हिंडला आणि जे दिसलं ते नोंदवत गेला. पक्ष्यांच्या नोंदी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीकडे गेल्या. मिरासदार, पाटील आणि जमिनीची मालकी यांवरचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. दख्खनची हवा, पाऊस आणि वातावरणाचा दाब यांवरचा लांबलचक निबंध १८३५ साली रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापला गेला. आपल्याकडे हवेचा दाब रोज ठरावीक वेळी चढतो आणि उतरतो, हे त्याने वायुभारमापक घेऊन मोजलं होतं. आपला पाऊस, आपली जमीन, आपले पक्षी, आपली लेणी, सगळं एका माणसाच्या लेखणीतून लंडनच्या वेगवेगळ्या नियतकालिकांत जाऊन बसलं. ती नियतकालिकं आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात कधी आली नाहीत, येणं शक्यही नव्हतं.

जुन्नरच्या लेखाची गोष्ट तर याहून मोलाची आहे. साइक्सने लेण्यांतल्या अक्षरांच्या नकला काढल्या, तेव्हा त्या लिपीचा पुरता उलगडा झालेला नव्हता. कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपने त्या ब्राह्मी लिपीची किल्ली शोधली, त्यावरचे निबंध १८३७ आणि १८३८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आले. म्हणजे साइक्सने छापायला दिलं ते त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. ज्याला पुढे कधीतरी वाचता येईल अशा कुणा अनोळखी माणसासाठी त्याने ते छापून ठेवलं. शोधनिबंध छापण्यामागचा हेतू याहून स्वच्छ कुठे दिसणार? आपल्याला न कळलेलं दुसऱ्याला कळावं आणि आपलं चुकलेलं दुसऱ्याने दुरुस्त करावं, यासाठीच तो छापायचा. तो दुसरा माणूस कोण असेल, कुठल्या गावचा असेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं.

आणि ते दुसरे आले. रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सनने १८५०च्या दशकात सह्याद्रीतले लेख मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये वाचून दाखवले. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह काढला. पाठोपाठ ब्यूलरने पाठ सुधारले. मग १९१२ साली हाइनरिख ल्यूडर्सने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दहाव्या खंडाला जोडून ब्राह्मी लेखांची यादी दिली. ती यादी तू वापरतेसच. तिच्यातली जुन्नरची एखादी नोंद काढून नीट बघ. आधी क्रमांक, मग ठिकाण, आणि त्यापुढे तो लेख आधी कुणी, कुठल्या साली, कुठल्या खंडाच्या कुठल्या पानावर छापला होता त्याची ओळ. मजकुराचा सारांश त्यानंतर येतो. त्या एका ओळीत चार पिढ्यांचं काम आहे. प्रत्येकाने आधीच्याचं नाव आणि पान सांगितलं, ते पुढच्याने ताडून बघावं म्हणून.

ताडून बघायलाच मिळालं नाही तर ती ओळ काय कामाची? धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेलं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, यवन म्हणवणाऱ्या दात्यांची दानं, क्षत्रप राजा नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा सेहेचाळिसाव्या वर्षाचा लेख: हे सगळं तू दगडावर बघतेस. एखादं अक्षर आज झिजलं आहे आणि जुन्या नकलेत ते शाबूत असेल, तर जुनी नकल हाच पुरावा. आणि जुनी नकल आणि आजचा दगड शेजारी ठेवून बघणं जुन्नरमध्ये राहणाऱ्या माणसाला जेवढं जमेल तेवढं परदेशी विद्यापीठात बसलेल्याला जमणार नाही. तुला हा लेख वाचायला मिळणं ही कुणाची मेहेरबानी नाही. ज्या कामासाठी तो छापला गेला, ते काम तुझ्या हातून होणार आहे.

आता जेस्टोरने तो मोफत कसा केला, ते ऐक. विल्यम बोवेन हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष आणि पुढे मेलन फाउंडेशनचे प्रमुख. १९९०च्या दशकात जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांनी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतल्या कपाटांच्या रांगा भरत चालल्या होत्या आणि नवी इमारत बांधायला पैसा नव्हता. हे दुखणं प्रत्येक ग्रंथपालाला माहीत आहे. बोवेन यांच्या पुढाकाराने अर्थशास्त्र आणि इतिहास या विषयांची दहा नियतकालिकं संगणकावर चढवून प्रयोग झाला, आणि १९९५ साली जेस्टोर ही ना-नफा संस्था उभी राहिली. ग्रंथालयांनी वर्गणी भरायची, त्यातून स्कॅनिंग, जतन आणि प्रकाशकांचा वाटा भागवायचा, अशी रचना. ती रचना वाईट नव्हती. तिने जगभरातले लाखो लेख वाळवीपासून आणि कसरीपासून वाचवले. पण वर्गणी भरणाऱ्या संस्थेच्या भिंतीबाहेरचा माणूस त्या हिशेबात नव्हता.

२०११ हे साल या बाबतीत फार महत्त्वाचं. त्या जानेवारीत ॲरन स्वार्ट्झ या तरुणाला अमेरिकेत अटक झाली. एमआयटीच्या जाळ्यातून त्याने जेस्टोरवरचे सुमारे ४८ लाख लेख उतरवून घेतले होते. प्रती परत मिळाल्यावर जेस्टोरने त्याच्याशी मिटवून घेतलं आणि प्रकरण पुढे न्यायची आपली इच्छा नाही असं सांगितलं. सरकारी वकिलांनी मात्र जुलैमध्ये आरोपपत्र दाखल केलं. त्याच महिन्यात ग्रेगरी मॅक्सवेल नावाच्या गृहस्थाने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चे १८,५९२ जुने निबंध स्वतःच्या नावाने जाहीरपणे टॉरंटवर, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येतील असे, ठेवले. त्याचं म्हणणं एवढंच होतं की हे सगळे १९२३च्या आधीचे आहेत, यांच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही, आणि तरीही एकेका निबंधाला ८ ते १९ डॉलर मागितले जातात.

६ सप्टेंबर २०११ रोजी जेस्टोरने अमेरिकेत १९२३पूर्वी आणि इतर देशांत १८७०पूर्वी छापलेले आपल्याकडचे सगळे लेख जगातल्या कुणालाही मोफत वाचायला खुले केले. दोनशेहून जास्त नियतकालिकांतले सुमारे ५ लाख लेख, त्यांच्या एकूण साठ्याच्या जवळपास ६ टक्के. साइक्सचा निबंध त्यांतलाच. हे आधीपासून ठरत होतं, पण त्या उन्हाळ्यातल्या घटनांचा आपल्या विचारावर काहीच परिणाम झाला नाही असं म्हणणं खरं ठरणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. पुढच्याच महिन्यात रॉयल सोसायटीने आपले ७० वर्षांहून जुने निबंध कायमचे मोफत केले. सुमारे ६०,००० निबंध, १६६५ साली हेन्री ओल्डेनबर्गने काढलेल्या पहिल्या अंकापासूनचे. साइक्सचा दख्खनच्या हवेवरचा निबंधही त्यात आला.

स्वार्ट्झने ११ जानेवारी २०१३ला, खटला उभा राहण्याआधीच, आपलं जीवन संपवलं. तो २६ वर्षांचा होता. त्याच्यावर तेरा आरोप ठेवले होते. त्या लेखांचं तो पुढे काय करणार होता, याचा निवाडा कधी झालाच नाही. मी आयुष्यभर नियमाने पुस्तकं दिली आणि परत घेतली, त्यामुळे कायदा मोडा असं कुणाला सांगणार नाही. पण लेख वाचण्याच्या प्रश्नावर एका हुशार मुलावर एवढं ओझं यावं, हे मला आजही सहन होत नाही. आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगते. कायद्याची दोन टोकं असतात. लेखकाचा आणि प्रकाशकाचा हक्क ठरावीक मुदतीपर्यंत जपायचा, हे एक टोक. मुदत संपली की ते लेखन समाजाचं होतं, हे दुसरं. पहिल्या टोकाची आठवण आपल्याला पदोपदी करून दिली जाते, दुसऱ्याची कुणी देत नाही.

१८७० ही रेघ कुठून आली, असं तू विचारशील. अमेरिकेत तेव्हा १९२३पूर्वीचं सगळं छापील लेखन मुक्त झालेलं होतं, म्हणून तिथली रेघ सोपी. इतर बऱ्याच देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो. १८७०मध्ये पंचविशीत असलेला लेखक अगदी पंचाण्णव वर्षं जगला तरी १९४०ला गेला, आणि २०१०ला त्याचा हक्क संपला. एकेका लेखकाचा मृत्यू शोधत बसण्यापेक्षा ही रेघ बिनधोक. कारभाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे.

पण आपल्या अभ्यासाचं त्यात फार नुकसान होतं. पश्चिम भारताच्या शिलालेखांवरचं खरं भरीव काम १८७०च्या नंतरचं आहे. फ्लीटचंच उदाहरण घे. मुंबई इलाख्यात मुलकी अधिकारी असलेला हा माणूस रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सतत लिहीत होता. तो १९१७ साली वारला. भारतीय कायद्याने त्याचं लेखन १९६८ सालीच मुक्त झालं, इंग्लंडमध्येही त्यावर आता कुणाचा हक्क नाही. तरी ते लंडनला छापलेलं म्हणून रेघेच्या पलीकडे पडतं. हक्क संपला म्हणजे ज्याच्याकडे प्रत आहे त्याने ती फुकट द्यावीच, अशी सक्ती कुठलाच कायदा करत नाही. म्हणून हे कायद्यावर सोडून भागत नाही. ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांनी आपणहून ठरवावं लागतं.

अशा लेखांसाठी तूर्तास दोन वाटा आहेत. जेस्टोरवर स्वतःच्या नावाने खातं काढलंस तर महिन्याला १०० लेख पडद्यावर मोफत वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, पण टिपणं काढायला तेवढं पुरतं. दुसरी वाट इंटरनेट अर्काइव्हची. ‘इंडियन अँटिक्वरी’, मुंबई एशियाटिकच्या जर्नलचे जुने खंड, ‘एपिग्राफिया इंडिका’, हे सगळं तिथे स्कॅन केलेलं सापडेल. तुझ्या शाळेतल्या पक्षीवेड्या मुलांना बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी दाखव. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे १८८६पासूनचे खंड तिथे आहेत. एक सावधगिरी मात्र घे. जुन्या खंडांत शिलालेखांचे ठसे घडी घातलेल्या मोठ्या पानांवर असत. स्कॅन करणाऱ्याने पुष्कळदा ती घडी उलगडलेलीच नसते, त्यामुळे मजकूर मिळतो आणि नेमका ठसा अर्धाच दिसतो. तसं झालं तर त्याच खंडाचं दुसऱ्या ग्रंथालयाने केलेलं स्कॅन शोध, तेही नसेल तर पुण्याला ये. मूळ खंड उघडून फोटो काढू.

आपल्या सरकारनेही एक मोठं पाऊल उचललं आहे, ते सांगायलाच हवं. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३००हून जास्त सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था. आडगावच्या शासकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला हे वरदान आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण इथेही प्रवेश संस्थेमार्फतच. शाळेतला शिक्षक, निवृत्त प्राध्यापक, तालुक्याच्या न्यायालयातला वकील, गडकोटांच्या वाटा तुडवणारा अभ्यासक, वैद्य, पत्रकार, हे सगळे बाहेरच राहिले.

आणि मराठी संशोधनाचा इतिहास बघ, तो कुणी घडवला? वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत, तिथे राहून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षकी पेशातले. त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिलं आणि शिलालेखांतल्या तिथ्या पडताळायला फ्लीटला गणितं करून दिली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे कुठल्या विद्यापीठाच्या पगारावर नव्हते. आज ही माणसं असती तर वर्गणीच्या यादीत त्यांचं नाव कुठे बसलं असतं? संस्थेचं ओळखपत्र हीच संशोधकाची खूण धरली, तर आपल्याकडची निम्मी विद्वत्ता दाराबाहेर उभी राहील.

‘मोफत करा म्हणणं सोपं, पण खर्च कोण देणार?’ असं विचारणारे भेटतील. प्रश्न रास्त आहे, तो झटकून टाकू नकोस. स्कॅनिंगला पैसे लागतात, सर्व्हरला लागतात, चुका दुरुस्त करायला माणसं लागतात. पण शंभर वर्षांपूर्वीच्या निबंधाच्या लेखकाला तेव्हाही मानधन मिळालं नव्हतं, आज त्याच्या वारसांना मिळत नाही. स्कॅनिंग एकदाच करायचं असतं आणि ते बहुतेक ठिकाणी होऊन गेलं आहे. संस्थेचं उत्पन्न चालू अंकांवर आणि अलीकडच्या वर्षांवर चालतं, त्याला हात न लावता जुनं खुलं करता येतं. रॉयल सोसायटीने ७० वर्षांची अट घालून हेच केलं आणि तिचं काम थांबलं नाही. आपल्या देशात बंगळूरच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने आपली नियतकालिकं कितीतरी वर्षांपासून मोफत ठेवली आहेत. ‘करंट सायन्स’चे जुने अंकही तसेच. दामोदर कोसंबींनी पुण्यात बसून आहत नाण्यांची वजनं संख्याशास्त्राने तपासली, तो लेख त्याच नियतकालिकात आला होता. तो तुला आजही एक पैसा न देता वाचता येईल. जरूर वाच. नाण्यांचा अभ्यास गणिताने कसा बदलतो ते कळेल.

आता आपल्या घरचं बोलते, कारण परक्यांकडे मागताना आपलं दार उघडं असायला हवं. भांडारकर संस्थेचं ‘ॲनल्स’ पुण्यात छापलं जातं आणि जेस्टोरवर आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ साली सुरू झालं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचं, त्याचं त्रैमासिक आणि इतिवृत्तं म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाची खाण. शिवाय जिल्ह्याजिल्ह्यातली मंडळं, ज्ञातिसंस्थांची मासिकं, महाविद्यालयांचे वार्षिक अंक. यांतलं किती तुला शाळा सुटल्यावर मोबाइलवर उघडता येईल, ते एकदा मोजून बघ. पुष्कळ काही कुणीतरी कुठेतरी स्कॅन केलेलं आहे, पण सूची नाही, लेखकाचं नाव टाकून शोधता येत नाही, आणि एखादा अंक हवा तर कुणाची तरी ओळख काढावी लागते.

भारतीय कायदा याबाबत स्पष्ट आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं हक्क राहतो. १९९२पर्यंत ही मुदत ५० वर्षं होती. संस्थेच्या नावाने किंवा निनावी छापलेल्या मजकुराला प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे राजवाड्यांचं सगळं लेखन कधीच मुक्त झालं. कोसंबी १९६६ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२६च्या अखेरीपर्यंतचा, १ जानेवारी २०२७पासून ते सर्वांचं. इरावतीबाई कर्वे १९७० साली गेल्या, त्यांच्यासाठी २०३१ उजाडावं लागेल. प्रत्येक संस्थेच्या ग्रंथपालाने आपल्या लेखकांची अशी साधी वही घातली, तर दर नववर्षाला कुठले लेख खुले करायचे ते आपोआप कळेल. कायद्याचा भंग नाही, कुणाचं नुकसान नाही, न्यायालयात जायचं कारण नाही. फक्त ठराव करायची इच्छा हवी.

खुलं करण्यात जतनही आहे, हे संस्थाचालकांना मुद्दाम सांगायला हवं. आपल्या केंद्र सरकारच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने लाखो पुस्तकं स्कॅन केली होती, तिचं संकेतस्थळ पुढे बंद पडलं. ती पुस्तकं आज आपल्याला वाचायला मिळतात, कारण कुणीतरी त्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर चढवून ठेवल्या होत्या. एका कपाटात, एका किल्लीखाली ठेवलेलं एका पुरात किंवा एका आगीत जातं. माझ्या नोकरीत ओल लागलेले खंड उन्हात पसरून पानं सोडवायची वेळ आली आहे, आणि काही पानं सुटली नाहीत ती नाहीतच.

म्हणून तुझ्याकडे माझं मागणं आहे. साइक्सचा लेख वाचलास की त्यातल्या नकला आणि आजचा दगड यांची तुलना मराठीत लिही. अक्षर न् अक्षर, कुठलं तेव्हा होतं आणि आता नाही, कुठलं त्याच्याकडून निसटलं होतं, सगळं. मुलांना बरोबर ने, त्यांच्याकडून मोजमापं घे, नोंदीत त्यांची नावं दे. लेख ज्या नियतकालिकाला देशील त्याच्या संपादकांना पहिल्याच पत्रात नम्रपणे कळव की हा लेख छापल्या दिवसापासून कुणालाही मोफत वाचता आला पाहिजे, आणि त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्हवर ठेवायची परवानगी लेखी हवी. ते नाही म्हणाले तर दुसरं नियतकालिक शोध. संदर्भांच्या यादीत ज्या जुन्या लेखांची मोफत प्रत मिळते तिचा पत्ता प्रत्येकापुढे दे, म्हणजे तुझ्यामागून येणाऱ्याचा वेळ वाचेल.

आणि तुमच्या तालुक्याच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला भेट. अशा जुन्या वाचनालयांच्या माळ्यावर मराठी नियतकालिकांचे बांधीव खंड असतात. कुठले आहेत त्याची यादी कर, कुठले मुक्त झाले आहेत ते मी बसून काढून देते. दिवाळीच्या सुट्टीत मी जुन्नरला येते आहे. स्कॅन करायची साधनं आणि ठरावाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. कार्यकारिणीची बैठक त्याच आठवड्यात ठेवायला सांग.

तुझी,
मावशी